दिव्यातून दिसणारे जग आणि विद्यापीठातला अभ्यासक्रम

ठाणे महापालिकेच्या हद्दीतील दिवा या उपनगरालगत म्हातार्डी नावाचे गाव आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ‘ठाणे’ हे स्थानक ठाणे शहरात नव्हे, तर या गावाच्या शिवारात उभे राहत आहे. गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या ठाणे-कल्याण पुरवण्यांमध्ये या जागेविषयी बरेच छापून आले. मोजणीला ग्रामस्थांनी केलेला विरोध, मोबदल्याचे दर, महापालिकेतील ठराव, राजकीय पक्षांच्या भूमिका हे सारे विषय स्थानिक पानांवर येत राहिले. भारत-जपान मैत्री, चीनचा वाढता प्रभाव, आशियातील सत्तासमतोल यांवरचे लेख त्याच काळात संपादकीय पानावर प्रसिद्ध होत होते. या दोन पानांवरचा मजकूर एकाच गोष्टीविषयी आहे, असे वाचकाला क्वचितच वाटले असेल. वाचकाचे सोडून देऊ. परंतु राज्यशास्त्र घेऊन पदवीला बसलेल्या दिव्या-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यालाही तसे वाटत नसेल, तर आपल्या विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय कसा शिकवला जातो, याची चौकशी करणे भाग आहे.

म्हातार्डीचे प्रकरण थोडे उलगडून पाहण्याजोगे आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये इंडोनेशियाने जकार्ता-बांडुंग या वेगवान रेल्वेमार्गाचे काम जपानला डावलून चीनला दिले. या मार्गाचा प्राथमिक अभ्यास जपानने केलेला होता आणि काम आपल्यालाच मिळेल, अशी टोकियोची समजूत होती. पण इंडोनेशियाच्या सरकारकडून कर्जहमी न मागण्याची तयारी दाखवून चीनने बाजी मारली. जपानला हे जिव्हारी लागले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे दिल्लीला आले आणि बुलेट ट्रेनचा सामंजस्य करार झाला. भारताशी बोलणी आधीपासून चालू होती, हे खरे. तरीही ज्या अटींवर कर्ज देऊ करण्यात आले, त्या पाहता इंडोनेशियातील पराभवाचा त्यात काहीच वाटा नसेल, असे मानणे कठीण आहे. सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा मूळ अंदाजित खर्च, त्यातील ८१ टक्के रक्कम जपानी कर्जाची, व्याजदर ०.१ टक्का, परतफेडीची मुदत ५० वर्षे आणि पहिली १५ वर्षे मुद्दलाचा हप्ता नाही, अशा या अटी होत्या. आबे यांच्या त्याच भेटीत अणुसहकार्य कराराविषयी तत्त्वतः सहमती झाली. तो करार नोव्हेंबर २०१६ मध्ये स्वाक्षरीबद्ध होऊन जुलै २०१७ मध्ये अमलात आला. अणुबॉम्बचे चटके सोसलेल्या आणि अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी असा व्यवहार करण्यास अनेक वर्षे कां-कूं करणाऱ्या जपानने हे पाऊल उचलले, यामागे चीनविषयीची चिंता होती. रेल्वे, अणुऊर्जा आणि संरक्षण यांची गाठोडी अशी एकत्र बांधली जातात.

येथपर्यंतची कथा कोणत्याही चांगल्या पाठ्यपुस्तकात बसेल. पुढचा भाग मात्र ठाणे जिल्ह्यात घडला. दोन पंतप्रधानांनी सप्टेंबर २०१७ मध्ये अहमदाबादेत प्रकल्पाचा पाया घातला, तरी जमीन द्यायची होती ती शिळ, म्हातार्डी, आगासन परिसरातील आणि पालघर जिल्ह्यातील लोकांनी. २०१९च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात सरकार बदलले आणि नव्या मुख्यमंत्र्यांनी प्रकल्पाच्या फेरविचाराची भाषा केली. २०२० साली ठाणे महापालिकेने जागा हस्तांतराचा प्रस्ताव दप्तरी दाखल केला. २०२२च्या जूनअखेर राज्यात पुन्हा सत्तांतर झाले आणि रखडलेल्या परवानग्या झपाट्याने मार्गी लागल्या. गुजरातेत खांब उभे राहत असताना महाराष्ट्रात काम का रेंगाळले, याचे उत्तर टोकियोत किंवा दिल्लीत शोधून मिळणार नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये एका निबंधात असे मांडले होते, की वाटाघाटी करणारा प्रत्येक नेता एकाच वेळी दोन पटांवर खेळत असतो. एका पटावर समोरचा देश असतो, दुसऱ्यावर स्वतःच्या घरातली माणसे. पहिल्या पटावर जिंकलेला डाव दुसऱ्यावर अडू शकतो. हा सिद्धांत आपल्याकडे शिकवला जातो, तेव्हा उदाहरणे येतात ती अमेरिकी सिनेटची. म्हातार्डीचे उदाहरण कोणी देत नाही. वास्तविक, संघराज्यात जमीन हा राज्याच्या अखत्यारीतील विषय असल्याने दुसऱ्या पटाचेही दोन-तीन उपपट होतात आणि पुटनम यांच्या मांडणीत भर घालता येईल इतका हा मसाला समृद्ध आहे. एखाद्या विद्यार्थ्याने ग्रामपंचायतींचे जुने ठराव, महापालिकेची इतिवृत्ते आणि जपानच्या सहकार्य संस्थेची प्रसिद्ध झालेली कागदपत्रे समोर ठेवून यावर प्रबंध लिहिला, तर तो दिल्लीतही वाचला जाईल.

हे एकच उदाहरण नाही. दिव्याचा प्रवासी ज्या लोकलला लोंबकळून कुर्ल्याला जातो, त्या गाड्यांचा मोठा हिस्सा मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात जागतिक बँकेच्या कर्जातून घेतला गेला. याच प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याची कथा अधिक बोलकी आहे. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत २० भारतीय जवान हुतात्मा झाले. महिनाअखेरीस सरकारने चिनी अॅपवर बंदी घातली. चिनी मालाच्या बहिष्काराच्या घोषणा डोंबिवलीच्या फडके रोडपासून सर्वत्र दुमदुमत होत्या. त्यानंतर दोन महिन्यांत, २४ ऑगस्ट २०२० रोजी, केंद्र व राज्य सरकारने याच मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी ५० कोटी डॉलरच्या कर्जकरारावर सही केली. कर्ज देणारी संस्था होती आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक. तिचे मुख्यालय बीजिंगमध्ये आहे आणि तिचा सर्वांत मोठा भागधारक चीन आहे. दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक भारत, आणि सर्वांत मोठ्या ऋणकोंमध्ये भारताचे नाव अग्रस्थानी. पनवेल-कर्जत आणि विरार-डहाणू हे मार्ग या टप्प्यातले. यात ढोंग झाले, असे म्हणणे सोपे आहे; तसे म्हणून विद्यार्थ्याला गुण मिळू नयेत. बहुपक्षीय बँकेतील भागीदारी आणि द्विपक्षीय वैर हे एकाच वेळी का चालू शकते, बँकेच्या संचालक मंडळात मतांचे वजन कसे ठरते, भारताने त्या बँकेत स्थापनेपासून राहण्याचा निर्णय का घेतला, या प्रश्नांची उत्तरे द्यायला शिकवणे म्हणजे हा विषय शिकवणे.

शेजारच्या मुंब्रा-कौशात आणि दिव्यातून सुटणाऱ्या कोकणच्या गाड्यांनी जाणाऱ्या गावांत आखाती देशांतून येणारा पैसा किती घरे चालवतो, हे वेगळे सांगायला नको. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले आणि ती विमाने उतरली मुंबईत. त्या लोकांच्या हकिगती आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडून ऐकता येतात. आणखी दहा-पंधरा वर्षांनी येणार नाहीत. परराष्ट्र मंत्रालयाच्या फायली पाहण्यासाठी दिल्लीला जावे लागेल. या साक्षी नोंदवण्यासाठी रिक्षाचे भाडे पुरेल.

मग विद्यापीठात होते काय? आंतरराष्ट्रीय संबंध हा स्वतंत्र विषय म्हणून तसा तरुणच. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर १९१९ साली वेल्समधील अॅबरिस्टविथ येथे या विषयाचे जगातील पहिले अध्यासन स्थापन झाले. त्याला नाव देण्यात आले होते अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे. युद्ध पुन्हा होऊ नये, यासाठी युद्धाची कारणे अभ्यासावीत, असा त्यामागचा हेतू होता. वीस वर्षांत दुसरे महायुद्ध झाले, ही गोष्ट निराळी. भारतात १९४३ मध्ये ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ ही संस्था निघाली, १९५५ मध्ये तिच्याच पुढाकाराने दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये ‘इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’ सुरू झाले आणि १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने १९५६ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. अन्यत्र बहुतेक ठिकाणी तो राज्यशास्त्राच्या पोटात राहिला. जे दिल्लीत बसून लिहिले गेले, तेच देशाचे परराष्ट्र धोरण आणि तोच अभ्यासक्रम, अशी घडी बसली ती तेव्हापासून.

मुंबईची परंपरा कमी आहे, असे मुळीच नाही. कलिन्याच्या विद्यानगरीतील नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग १९४८चा. त्याच संकुलात आफ्रिकी अभ्यास केंद्र आहे आणि ते १९७१ साली स्थापन झाले. सोव्हिएत संघाचा अभ्यास करणारे केंद्र पुढे मध्य युरेशियाच्या अभ्यासाकडे वळले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्रादेशिक अभ्यास योजनेतून देशभर अशी केंद्रे वाटून दिली गेली, तेव्हा मुंबईच्या वाट्याला आफ्रिका आली. पश्चिम किनाऱ्याचा पूर्व आफ्रिकेशी असलेला शतकानुशतकांचा व्यापार पाहता ही निवड यथायोग्यच होती. औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले आणि तेथील राष्ट्रीय चळवळीशी त्यांनी इतकी जवळीक साधली, की ब्रिटिश सरकारला ते डोईजड वाटू लागले. मराठी माणसाचे आफ्रिकेशी असलेले हे नाते आपण विसरून गेलो आहोत.

आफ्रिकेचा विषय आजचा नाही, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी २०२५च्या मे-जूनमधील घडामोडी आठवाव्यात. पहलगामचा हल्ला आणि ‘ऑपरेशन सिंदूर’ यांनंतर भारताची बाजू मांडण्यासाठी सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी धाडण्यात आली. त्यांपैकी एकाचे नेतृत्व कल्याणचे खासदार श्रीकांत शिंदे यांच्याकडे होते. त्यांच्या मतदारसंघात दिवा येते. हे शिष्टमंडळ संयुक्त अरब अमिराती, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, सिएरा लिओन आणि लायबेरिया येथे गेले. या यादीवर आपल्याकडे विनोद झाले. वॉशिंग्टन कोणाला आणि लायबेरिया कोणाला, अशी तुलनाही झाली. पण सिएरा लिओन त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्य होता, आणि ३ जून २०२५ रोजी झालेल्या निवडणुकीत काँगो व लायबेरिया हे दोघेही पुढच्या दोन वर्षांसाठी परिषदेवर निवडून आले. सुरक्षा परिषदेत दहशतवादाविषयीच्या निवेदनातील एकेका शब्दावर घासाघीस होते, तेव्हा ही मते मोलाची असतात. हे समजावून सांगणारा मजकूर त्या दिवसांत मराठीत फार थोडा आला. अर्धशतक जुने आफ्रिकी अभ्यास केंद्र ज्या शहरात आहे, तेथे असे व्हावे, याची खंत वाटायला हवी. दोष केवळ केंद्राचा नव्हे. विद्यापीठातील जाणकारांना आणि वर्तमानपत्रांना एकमेकांचा पत्ताच ठाऊक नसतो.

पदवीच्या वर्गात चित्र आणखी साधे आहे. डोंबिवली, कल्याण, ठाण्याच्या महाविद्यालयांत कला शाखेचा राज्यशास्त्राचा विद्यार्थी तीन वर्षांत या विषयाच्या एक-दोन प्रश्नपत्रिका देतो. वास्तववाद, उदारमतवाद, शीतयुद्ध, संयुक्त राष्ट्रे, अलिप्ततावाद, भारताचे शेजारी हा क्रम ठरलेला. शीतयुद्ध संपून तीन दशके उलटली, तरी टिपणवहीत ते संपता संपत नाही. शिक्षकांना दोष देणे सोपे आहे; परंतु एकेका शिक्षकाने राजकीय विचारवंत, लोकप्रशासन, महाराष्ट्राचे राजकारण आणि जागतिक राजकारण असे सारे शिकवायचे, तेही अनेकदा तासिका तत्त्वावर, मग म्हातार्डीची कागदपत्रे वर्गात आणणार कोण? रिक्त पदे भरल्याविना अभ्यासक्रम बदलून काही साधणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने विषय निवडण्याची मुभा वाढवली असली, तरी निवडलेला विषय शिकवायला माणूस लागतोच.

भाषेचा प्रश्न याहून अवघड. मुंबई विद्यापीठात कला शाखेची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते आणि दिवा-डोंबिवलीतील असंख्य मुले ती तशी लिहितात. पण वाचायचे काय? मराठीत उपलब्ध असलेली पुस्तके बहुतांशी परीक्षार्थींसाठी लिहिलेली. व्याख्या, वैशिष्ट्ये, गुणदोष, समारोप अशा चौकटीतली. डॉ. शैलेंद्र देवळाणकर यांच्यासारखे मोजके अभ्यासक सातत्याने मराठीत लिहीत आले आहेत, हे नमूद केले पाहिजे. तरीही एक काळ असा होता, की जगाविषयीचे मराठी लेखन याहून कितीतरी भरघोस होते. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकातून वि. ग. कानिटकरांनी नाझी जर्मनीचा उदयास्त लिहिला, अरुण साधूंनी चीनची आणि क्यूबाची क्रांती लिहिली. गोविंद तळवलकरांनी सोव्हिएत साम्राज्याचा उदयास्त लिहिला. हे लेखक विद्यापीठीय नव्हते. त्यांच्या लेखनात तळटीपांची शिस्त कमी असेल, काही निष्कर्ष आज टिकणारही नाहीत. पण चाळीत राहणाऱ्या कारकुनाला माओ आणि हो चि मिन्ह यांच्याविषयी वाद घालता येईल, इतके त्यांनी त्याला दिले. आज मोबाईलवर जगाच्या बातम्यांचा पूर आहे आणि वाद घालणारेही पुष्कळ आहेत. फक्त मधले वाचन गायब झाले आहे. युक्रेनवर मराठीत तासन्‌तास बोलणारे भेटतात, पण २०१४चा क्रिमिया आणि १९९४चा बुडापेस्ट करारनामा त्यांना अपरिचित असतो.

मराठीत हा विषय परकाच, अशीही एक समजूत आहे. ती चुकीची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील टोपीकरांविषयीचे प्रकरण वाचावे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलेल्या या ग्रंथाने हे ओळखले होते, की हे सावकार इतर सावकारांसारखे नाहीत. त्यांच्या पाठीशी राज्ये उभी आहेत, आणि त्यांना किनाऱ्यालगत ठाणे बांधू देण्यात धोका आहे. व्यापार आणि सार्वभौमत्व यांच्या नात्याची ही चर्चा आजच्या बंदर-कर्जांच्या वादात थेट उपयोगी पडते. या ग्रंथाची गाठ पडते ती इतिहासाच्या वर्गात, राज्यशास्त्राच्या क्वचितच. आणि अमात्यांची भीती खरी ठरली ती याच परिसरात. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून जिंकलेले ठाणे १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतले. पुढे सुरतेचा तह, पुरंदरचा तह आणि १७८२चा सालबाईचा तह झाला, तरी साष्टी मराठ्यांना परत मिळाली नाही. ठाण्याचा तो किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह. त्याच्या भिंतीवरून रोज हजारो विद्यार्थी जातात.

त्याही मागे जायचे, तर पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी खुले असलेले हे बंदर राजकीय वैरामुळे जवळजवळ बंद झाले असून तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे त्यात म्हटले आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षातील ही आर्थिक नाकेबंदी. आजच्या भाषेत निर्बंध. भडोच हे बुलेट ट्रेनचेही स्थानक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्थानिक उदाहरणे द्यायची म्हणजे सिद्धांत टाकून द्यायचा, किंवा ‘भारतीय दृष्टिकोन’ या नावाखाली कौटिल्याचे मंडल घोकून घ्यायचे, असा अर्थ नव्हे. तसे प्रकार अलीकडे वाढले आहेत आणि त्यांतून ज्ञानापेक्षा अभिमानच अधिक पिकतो. म्हातार्डीचा अभ्यास करायचा, तर येनच्या विनिमयदराचा हिशेब समजला पाहिजे. ०.१ टक्के व्याज स्वस्त दिसते. पण कर्ज येनमध्ये आहे आणि ५० वर्षांत रुपया येनच्या तुलनेत किती घसरेल, त्यावर खरी किंमत ठरणार आहे. हे गणित करता न येणारा विद्यार्थी आंतरराष्ट्रीय संबंधांचा विद्यार्थी म्हणवून घेऊ शकत नाही.

हा विषय घेऊन पोटापाण्याचे काय, हा प्रश्न दिव्यासारख्या वस्तीत आधी विचारला जातो आणि तो रास्त आहे. परराष्ट्र सेवेचे आकर्षण मोठे. परंतु या सेवेचे एकूण संख्याबळ हजाराच्या आसपास, आणि लोकसेवा आयोगामार्फत दरवर्षी तिच्यात जाणारे उमेदवार काही डझनच. ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा मुख्य परीक्षेतील ५०० गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून लोकप्रिय आहे, आणि ती परीक्षा मराठीत देता येते. मात्र त्यासाठी या विषयाची पदवी लागते, हा गैरसमज दूर व्हायला हवा. विद्यमान परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी नेहरू विद्यापीठातून आंतरराष्ट्रीय संबंधांत डॉक्टरेट मिळवली, हे खरे. परंतु २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव असलेले आणि चीनचे जाणकार म्हणून मान्यता पावलेले विजय गोखले यांची पदव्युत्तर पदवी इतिहासाची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाट या गावातून येऊन न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झालेले ज्ञानेश्वर मुळे यांचे ‘माती, पंख आणि आकाश’ अनेकांनी वाचलेले असते. त्यातून घ्यायची ती भाषांची गोडी. जपानी भाषेने त्यांना जो देश उघडून दिला, तो इंग्रजीतून उघडला नसता.

म्हणूनच बारावीनंतर आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदवीसाठी खासगी विद्यापीठात लाखो रुपये भरू इच्छिणाऱ्या पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे, की ही घाई आहे. पदवीला इतिहास, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घ्यावे, सोबत एक परकी भाषा गांभीर्याने शिकावी आणि मग पदव्युत्तर पातळीवर या विषयाकडे वळावे. अरबी, फारसी, रशियन, जर्मन, फ्रेंच शिकवणारे विभाग कलिन्यात आहेत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटचे नाव सर्वांना ठाऊक आहे. अरबी नीट येणारा, आखातातील कामगार कायदे जाणणारा आणि कोकणातली गावे माहीत असणारा तरुण हा आजच्या घडीला दिल्लीतही दुर्मीळ आहे. न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या मालगाड्या दिव्यावरून धडधडत जातात. जहाजवाहतूक, निर्यात, विमा, बँका या क्षेत्रांना निर्बंध आणि जकात यांचा अर्थ लावणारी माणसे हवी असतात. २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले, तेव्हा आपल्याकडच्या लहान निर्यातदारांना हे कोण समजावून देणार, हा प्रश्न खराच पडला होता. पुस्तकी सिद्धांत पाठ असलेल्या पदवीधराला तेथे कोणी विचारत नाही. ज्याला करारातील कलमे वाचता येतात, त्याला विचारतात.

आता परदेशी विद्यापीठेच आपल्या दारी येत आहेत. ब्रिस्टल विद्यापीठाला मुंबईत संकुल उघडण्याची अनुमती मे २०२५ मध्ये मिळाली. पाठोपाठ जूनमध्ये अॅबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक अभिकल्प संस्था यांना इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडकोची ‘एज्युसिटी’ उभी करण्याची योजना आहे. आतापर्यंत पुढे आलेल्या अभ्यासक्रमांत संगणक, विदाविज्ञान, वित्त आणि व्यवस्थापन यांचाच भरणा दिसतो. विद्यापीठे आंतरराष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांना जागा नाही, असा हा थाट होऊ नये, यासाठी राज्य सरकारला काही मागता आले असते. जमीन आपली आहे, तेव्हा अट घालण्याचा अधिकारही आपला आहे. येणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने मुंबई विद्यापीठाच्या संबंधित विभागांशी ग्रंथालय, दूरस्थ व्याख्याने आणि भाषाशिक्षण यांत भागीदारी करावी, एवढी साधी अट पुरेशी होती. अप्पासाहेब पंतांचे नैरोबी आणि लंडनमधले अहवाल, लंडनच्या अभिलेखागारातील ठाणे-साष्टीचा पत्रव्यवहार, यांच्या प्रती येथे मागवता येतील. इंग्लंडातील विद्यापीठाला ते फारसे अवघड नाही.

मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र ठाण्यात बाळकुमला आहे आणि कल्याणातही आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पदव्युत्तर वर्ग, सायंकाळचा का होईना, यांपैकी एका ठिकाणी चालवणे अशक्य नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा स्थानकांदरम्यान गर्दीने भरलेल्या दोन लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. त्या दिवसानंतर दिव्याच्या मुलीने एका व्याख्यानासाठी ऐन गर्दीच्या वेळी कुर्ल्याला उतरून कलिना गाठावे, असे सांगताना तरी विचार करावा लागतो. एज्युसिटी पनवेलच्या बाजूला होणार आहे. दिवा-पनवेल रेल्वेमार्ग कित्येक दशकांपासून अस्तित्वात आहे. त्यावर प्रवासी गाड्यांच्या फेऱ्या मात्र मोजक्याच आहेत.